नागपूरच्या मातीत चाळीस हजारांचे लेदर बूट घ्यावेत का?

संत्र्याची_बाग | २ ऑक्टोबर, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. राहायला प्रतापनगर, बाग काटोलजवळ. वडिलांनी लावलेली सहा एकर संत्रा आहे. वडील आता थकले, म्हणून गेली तीन वर्षं शनिवार-रविवार मी जातो. मुक्काम असतो, त्यामुळे सकाळी साडेसहापासून पाय मातीतच.

बहीण-जावई आयर्लंडला असतात, दिवाळीत येणार आहेत. तिकडे शेतावर, घोड्यांच्या शर्यतींना लोक गुडघ्यापर्यंत उंच लेदरचे बूट घालतात, त्यांना कंट्री बूट म्हणतात. डुबॅरी नावाची १९३७ सालची आयरिश कंपनी त्यासाठी प्रसिद्ध आहे. आतून वॉटरप्रूफ अस्तर, बाहेरून जाड चामडं. बहीण म्हणते, "दादा, एकदाच घे आणि दहा वर्षं बघू नको." तिने सांगितलेली किंमत आपल्या पैशात साधारण ४२ हजार. अर्धे ती देते म्हणते, पण मला ते बरोबर वाटत नाही. घ्यायचे तर पूर्ण पैसे देऊन घेईन.

विषय डोक्यात आला त्याचं कारण वेगळं आहे. जुलैत बांधावरचं गवत काढताना आमच्या सालदार दादांच्या पायावर घोणसने झडप घातली. गमबुटावर निभावलं. त्या दिवशी माझ्या पायात साधे स्पोर्ट्स शूज होते आणि मी त्यांच्या दोन पावलं मागे होतो. तेव्हापासून पायात काय घालतो याकडे लक्ष जायला लागलं.

तर, नागपूरच्या हवेत आणि आपल्या मातीत असे महाग बूट टिकतात का? ज्यांनी स्वतः वापरलेत त्यांनी कृपया लिहा. दुकानातली माहिती मिळते, वापरलेल्या माणसाची मिळत नाही.


काळीमाती | २ ऑक्टोबर, रात्री १०:०५

भाऊ, राग नका मानू, स्पष्ट लिहितो. मी सावनेर तालुक्यातला, काळ्या मातीत बारा महिने उभा राहतो. पावसात आपली माती बुटाले अशी धरते का दहा पावलांत एकेका पायाले दोन किलो वजन होते. ते चामड्याच्या बुटावर वाळलं का दगड. मग खरवडून काढा, चामडं सोलून निघते. गमबूट असला तर नळाखाली धरला का साफ.

पाचशे रुपयांचा गमबूट दोन पावसाळे जाते. फाटला तर जिवाले लागत नाही.


गॉलवेची_पाहुणी | ३ ऑक्टोबर, पहाटे ४:३०

मूळची धरमपेठची, सहा वर्षं गॉलवे परगण्यात आहे. हे बूट इथे रोज बघते, शेजारच्या मेंढपाळ काकूंकडे आहेत, त्यांच्या मुलीकडेही आहेत. वस्तू चांगली आहे यात शंका नाही. पण ती कुठल्या हवेसाठी बनली आहे ते सांगते.

आपल्या नागपूरला वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो. आयर्लंडच्या या पश्चिम भागातही साधारण हजार ते चौदाशे. आकडे ऐकून वाटतं, सारखंच की! पण नागपूरचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळून जातो. इथे वर्षातले सव्वादोनशे दिवस पाऊस असतो, रोज थोडा थोडा. गवत कायम ओलं, आणि हवा पाच ते अठरा अंशांत. म्हणजे पाय बाहेरून ओले होतात, आतून घाम फारसा येत नाही. त्यासाठी हा बूट आहे. गुडघ्यापर्यंतची उंची ओल्या गवतासाठी आणि थंडीसाठी.

मी स्वतःचा जोड गेल्या मे महिन्यात हौसेने नागपूरला आणला होता. एक दिवस घातला. दुपारी काढला तेव्हा मोजा पिळावा लागला, आणि बाहेर पावसाचा थेंब नव्हता. बहिणीला नाराज करू नका, पण तिला विचारा की ती ते बूट तिथे तरी ऑगस्टमध्ये दुपारी घालते का.


जुना_कारागीर | ३ ऑक्टोबर, सकाळी ८:४०

संत्र्याची_बाग, तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. अठ्ठावीस वर्षं बुटांच्या कारखान्यांत काढली, आधी आग्रा, मग तामिळनाडूत आंबूर. आता मनीषनगरला स्थायिक. जरा लांब लिहितो.

वॉटरप्रूफ अस्तर म्हणजे काय ते आधी समजून घ्या. अशा बुटांत बहुतेक गोरटेक्स किंवा त्याच जातीचा पडदा असतो. बॉब गोर यांनी १९६९मध्ये टेफ्लॉन झटक्याने ताणून हा पदार्थ मिळवला. त्याची छिद्रं इतकी बारीक असतात की पाण्याचा थेंब आत शिरत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाऊ शकते. "जाऊ शकते" हे शब्द महत्त्वाचे. वाफ आपोआप ढकलली जात नाही. आत वाफेचा दाब जास्त आणि बाहेर कमी असेल तेव्हाच ती सरकते. आयर्लंडात बाहेर दहा अंश, आत पायाची ऊब, म्हणून फरक मोठा. नागपूरच्या जुलैत बाहेर अठ्ठावीस-तीस अंश आणि हवेत ऐंशी-नव्वद टक्के ओलावा. फरक फारच कमी उरतो. त्यात वरचं चामडं भिजलेलं असेल तर वाट आणखी बंद. म्हणजे ज्या महिन्यांत तुम्हाला त्या अस्तराची गरज आहे, नेमक्या त्याच महिन्यांत ते घाम कोंडून ठेवणार.

दुसरं, आपल्याकडचा बाभळीचा काटा. हा विचार युरोपातल्या बुटाने केलेला नसतो. मऊ तळव्यातून किंवा बाजूने काटा आरपार गेला की पडद्याला भोक पडलं. चामड्याचं भोक आपण बुजवू, आतल्या पडद्याचं बुजवता येत नाही. त्यानंतर तो बूट वॉटरप्रूफ नाही, फक्त गरम आहे.

तिसरं, पाणी वरून शिरलं तर? ओढा ओलांडताना पाणी गुडघ्याच्या वर गेलं की बूट भरला. पडदा असलेला उंच बूट आतून भिजला की आपल्या पावसाळी हवेत तीन-तीन दिवस वाळत नाही.

याचा अर्थ महाग बूट वाईट असा घेऊ नका. महाग बुटात पैसे द्यावेत अशा गोष्टी वेगळ्या आहेत: चामड्याचा वरचा मूळ पदर न घासता ठेवलेला असणं, तळवा शिवलेला असणं, आणि ज्यावर बूट घडवतात त्या पायाच्या आकाराच्या ठोकळ्याची बेतणी. त्याबद्दल संध्याकाळी लिहितो, आता नातीला शाळेत सोडायचं आहे.


मिहानकर | ३ ऑक्टोबर, दुपारी १:२०

काका, तुम्ही लिहाच. तोवर माझा अनुभव. सात वर्षांपूर्वी एका मोठ्या ब्रँडचे लेदर ट्रेकिंग बूट घेतले, १४ हजारांचे. नाव लिहीत नाही. फार कमी वापरले, जपून कपाटात ठेवले. गेल्या डिसेंबरात नवेगाव-नागझिऱ्याला निघालो, घातले, आणि पार्किंगमधून गाडीपर्यंत जाताना तळवा पेंडीसारखा भुगा होऊन पडला. वरचं चामडं अगदी नवं. दुकानात गेलो तर म्हणाले, वॉरंटी संपली.

इतका राग आला होता! जपून ठेवले हीच चूक झाली का?


जुना_कारागीर | ३ ऑक्टोबर, रात्री ८:१५

मिहानकर, हो, दुर्दैवाने तेच झालं. तुमच्या बुटाचा मधला थर पॉलियुरेथेनचा होता, आम्ही कारखान्यात पीयू म्हणायचो. हवेतल्या ओलाव्याने पीयूची रासायनिक साखळी हळूहळू तुटते. पाच ते दहा वर्षांत तो भुसभुशीत होतो, वापरा किंवा नका वापरू. उलट रोज चालल्याने आतला ओलावा बाहेर पडत राहतो, बंद कपाटात तो साठून राहतो. नागपूरचा पावसाळा आणि बंद लोखंडी कपाट म्हणजे पीयूची लवकर अखेर. महाग बुटातही पीयू असतो, म्हणून किंमत बघून तळव्याचा अंदाज बांधू नका.

आता शिवणीबद्दल. गुडइयर वेल्ट हे नाव ऐकलं असेल. रबर पक्कं करण्याची रीत शोधणाऱ्या चार्ल्स गुडइयर यांच्या मुलाच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते, १८७०च्या दशकातली. बुटाच्या कडेने चामड्याची एक पट्टी फिरवतात, तिला वेल्ट म्हणतात. वरचं चामडं त्या पट्टीला शिवतात आणि तळवा वेगळ्या टाक्याने पट्टीला शिवतात. तळवा झिजला की खालचा टाका उसवायचा, नवा तळवा लावायचा, वरच्या चामड्याला हातही लागत नाही. चांगला वेल्टचा बूट दोन-तीन तळवे सहज बघतो.

याच्या उलट आपले पोलीस, एनसीसी वापरतात ते डीएमएस बूट. तळवा साच्यात थेट वरच्या भागावर ओतलेला. मजबूत, स्वस्त, पाणी कमी शिरतं. पण झिजला की संपला.

चिकटवलेला तळवा असलेल्या बुटाला, तो कितीही नामांकित असो, मी स्वतः दहा हजारांच्या वर देणार नाही. हे माझं मत, पण अठ्ठावीस वर्षांनी झालेलं.


रानपाखरू | ४ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

मी महाग बुटांच्या बाजूने लिहिते, कारण इथे कुणीतरी लिहायला हवं.

पक्षी बघायला म्हणून गोरेवाडा, उमरेडच्या बाजूचे तलाव, काटोल रोडवरची माळरानं असं माझं वर्षातून शंभर-सव्वाशे दिवस चालणं होतं. २०१४मध्ये घोट्याच्या वरपर्यंत येणारे वेल्टचे लेदर बूट घेतले, तेव्हा २२ हजारांना. घरी दोन दिवस कुणी बोललं नाही माझ्याशी. अकरा वर्षं झाली. दोनदा तळवा बदलला. आजही तेच.

काय मिळालं ते सांगते. एक, कुसळं. ऑक्टोबर ते जानेवारी माळावर कुसळी गवत वाळतं, त्याची अणकुचीदार कुसळं कापडी बुटातून, जाळीच्या स्पोर्ट्स शूजमधून मोज्यात शिरतात आणि दर पावलाला आत घुसत जातात. ज्याने हे सोसलंय त्यालाच कळेल. गुळगुळीत चामड्यावर कुसळ रुतत नाही. पण बुटाची जीभ दोन्ही बाजूंनी शिवलेली हवी, सुटी असेल तर फटीतून आत जातंच.

दोन, काटे. जाड रबरी तळवा आणि आत चामड्याचा थर असला तर बाभळीचा काटा अर्ध्यात अडतो.

तीन, आणि हे सगळ्यांनी वाचा. २०१८च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपास स्क्रब टायफसची साथ आली होती, माणसं गेली होती. गवतातल्या बारीक कोळ्यांच्या (माइट) पिलांच्या चावण्यातून तो ताप होतो. त्या वर्षापासून मी पँट मोज्यात आणि मोजा बुटात खोचल्याशिवाय गवतात पाय ठेवत नाही. उंच बूट त्यासाठी फार कामाचा आहे, मग तो लेदर असो की गमबूट.

आता किंमत. २२ हजार आणि दोन तळव्यांचे मिळून सात हजार धरले तर २९ हजार. अकरा वर्षं, वर्षाला शंभरच दिवस धरा. दिवसाला सव्वीस रुपये. माझ्या मैत्रिणीने याच काळात तीन-तीन हजारांचे सात जोड घेतले आणि दोनदा पाय मुरगळला.

मात्र पावसात मी ते घालत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये ते कागद भरून जाळीच्या फडताळात विश्रांतीला.

आणि जे फक्त ताडोबा-पेंचच्या सफारीसाठी बूट शोधत असतील त्यांच्यासाठी: जिप्सीतून खाली उतरायची परवानगीच नसते. तिथे चप्पलही चालते. तो खर्च गरम कपड्यांवर करा, डिसेंबरच्या सकाळी उघड्या जिप्सीत नागपूरकराला थंडी काय असते ते कळतं.


पायांचे_डॉक्टर | ४ ऑक्टोबर, दुपारी ३:४०

त्वचारोगाचं काम करतो, म्हणून एवढंच. पावसाळ्यात आणि मे महिन्यात माझ्याकडे येणाऱ्या बोटांच्या बेचक्यातल्या बुरशीमागे बंद, न वाळलेले बूट हे मोठं कारण असतं. कुठलाही बंद बूट सलग दोन दिवस घालू नका, मध्ये एक दिवस वाळू द्या. मधुमेह असेल तर नव्या कडक लेदर बुटात सुरुवातीला अर्ध्या तासावर जाऊ नका. घरी आल्यावर पाय उजेडात बघा. फोड आल्याचं कळतही नाही अशा लोकांचे पाय मी बघतो.


काळीमाती | ४ ऑक्टोबर, रात्री ९:३०

ताईचं पटलं. शंभर दिवस चालणाऱ्याले ते बूट पुरते. पण संत्र्याची_बाग भाऊ, एक गोष्ट सांगायची राहून गेली. फवारणी.

तुमची बाग आहे म्हणजे फवारणी आहे. चामड्याच्या बुटावर औषध सांडलं का ते आत मुरते. धुवून जात नाही. मग तोच बूट तुम्ही महिनाभर घालून राहता आन् पायाच्या कातडीतून विष आत जाते. २०१७ साली यवतमाळात काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं, किती घरचे कर्ते गेले फवारणीच्या विषबाधेनं. फवारणीले रबरी बूटच पाहिजे, आन् पँट बुटाच्या बाहेरून. आत खोचली तर ओघळ सरळ बुटात.

आन् विचारतो म्हणून वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या सालदाराच्या पायात गमबूट होता म्हणता. बाकीच्या माणसांच्या पायात काय आहे?


संत्र्याची_बाग | ५ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

काळीमाती भाऊ, रात्री तुमचा प्रतिसाद वाचला आणि झोप लागली नाही.

तोडणीला आमच्याकडे पाच-सहा जण असतात. दोन बायका अनवाणी असतात, एकीच्या पायात रबरी सपाता, बाकीच्यांच्या टायरच्या चपला. वडिलांच्याही पायात आयुष्यभर टायरच्याच चपला होत्या, म्हणून मला ते कधी दिसलंच नाही. सालदार दादांचा गमबूटही त्यांनी स्वतःच्या पैशाने घेतलेला आहे. हे मी काल फोन करून विचारलं.

मग बसून हिशेब मांडला. माझे बागेतले दिवस वर्षाला साधारण शंभर. त्यातले जून मध्यापासून सप्टेंबरअखेरचे तीसेक दिवस गमबुटाचे. मार्चच्या मध्यापासून जूनपर्यंत पंचेचाळीस अंशांत उंच लेदर बूट घालवणार नाही, ते पंचवीस दिवस गेले. लग्नकार्य, आजारपण वजा जाता उरले चाळीस. दहा वर्षांत चारशे दिवस. ४२ हजार भागिले चारशे म्हणजे दिवसाला एकशे पाच रुपये, आणि पीयू मध्येच गेला तर दुप्पट. रानपाखरू ताईंचे सव्वीस रुपये आणि माझे एकशे पाच, बूट दोन्हीकडे चांगलेच आहेत. दिवस कमी पडतात.

आयरिश बूट नको असं बहिणीला सांगितलं. आता प्रश्न उरला हिवाळ्याच्या त्या चाळीस दिवसांचा. कारागीर काका, इथेच मिळणाऱ्यात काय बघू?


जुना_कारागीर | ५ ऑक्टोबर, सकाळी ११:२०

मनापासून आवडलं तुमचं लिहिणं. आता इथल्या पर्यायांचं.

तुमच्या कामाला घोट्याच्या वर सहा ते आठ इंच उंची पुरे. गवत उंच असेल तेव्हा वरून कापडी किंवा रेक्झिनचा गेटर बांधा, गुडघ्यापर्यंत झाकतो आणि दुपारी सोडून ठेवता येतो. आयरिश बुटाचं उंचीचं काम तो भागवतो आणि पाय शिजत नाही. साप चावणारच नाही असं कुठलाही बूट सांगू शकत नाही, पण सापाचे बहुतेक चावे पाऊल आणि पोटरीलाच असतात, त्यामुळे तेवढा भाग झाकला की मोठं काम झालं.

दुकानात बूट हातात घेतला की आधी तळव्याची कड बघा. टाके दिसतात, पण ते खरे आहेत का? काही बुटांत नुसती टाक्यांची नक्षी साच्यात उमटवलेली असते. नख टाक्याखाली जातं का बघा, दोरा हाताला लागला पाहिजे. मग चामडं अंगठ्याने आत दाबा. खऱ्या वरच्या पदरावर बारीक सुरकुत्या उठतात आणि सोडल्यावर विरतात. रंगाचा जाड थर चढवलेल्या चामड्यावर एकच प्लास्टिकसारखी घडी पडते, पुढे तिथेच ते तडकतं. वास घेतलात तरी चालेल, लाजू नका, आम्ही सगळे घ्यायचो.

संध्याकाळी जा, दिवसभराने पाय थोडे फुगलेले असतात. जाड मोजा घालून जा. भारतीय पाय युरोपीय पायापेक्षा पुढून रुंद असतो. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने अलीकडे देशभरातल्या लाखभर लोकांचे पाय मोजले, त्यातही हेच निघालं. म्हणूनच परदेशी मापाचा बूट लांबीला बरोबर आणि करंगळीला घट्ट होतो. आपण मग एक नंबर मोठा घेतो आणि टाच आत सरकत राहते. सर्वांत जास्त फोड त्या सरकण्याने येतात.

आणखी एक पर्याय कुणी सुचवला नाही. कोळशाच्या आणि मँगनीजच्या खाणीत वापरतात ते सेफ्टी शूज. आपल्या नागपुरात वेस्टर्न कोलफील्ड्स आणि मॉइल या दोन्हींची मुख्यालयं आहेत, त्यामुळे हा माल इथे सहज मिळतो. आयएस १५२९८ हा भारतीय मानकाचा शिक्का बघा. त्यात तळव्यात पोलादी पत्रा असलेला प्रकार मागून घ्या, बाभळीचा काटा त्यापुढे जात नाही. दीड-दोन हजारांत येतो. दिसायला ओबडधोबड, वजनाला जड, तळवा पीयूचा म्हणून तीन-चार वर्षांचा सोबती. तोडणीच्या माणसांसाठी याहून चांगलं काही मला माहीत नाही.


कृषीवाला | ५ ऑक्टोबर, सायंकाळी ५:००

एक मुद्दा सगळ्यांच्या नजरेतून सुटला. संत्र्यावरचा डिंक्या, म्हणजे सालीतून डिंक गळण्याचा रोग, फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या सूक्ष्मजीवाने होतो.

तो ओल्या मातीतून पसरतो आणि बुटाच्या खाचांत बसलेल्या मातीबरोबर एका बागेतून दुसऱ्या बागेत जातो. खोल खाचांचा तळवा चालायला उत्तम, पण माती तोच जास्त वाहतो. शेजाऱ्याच्या रोगट बागेतून आलात तर फाटकाशी ब्रशने तळवा घासून धुवा. रबराचं हे रोज जमतं, चामड्याचं रोज धुणं जमत नाही. बागेचे बूट बागेतच ठेवा. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत कधी गेलात तर डिंक्याबद्दल जरूर विचारा.


मिहानकर | ५ ऑक्टोबर, रात्री १०:१०

देखभालीबद्दल कुणी लिहील का? आमचे आजोबा वहाणांना जवसाचं तेल लावायचे. ते बुटाला चालतं का?


जुना_कारागीर | ६ ऑक्टोबर, सकाळी ९:००

विदर्भात जवस घरचं, म्हणून लोक लावतात. बुटाला नको. जवसाचं तेल हवेत सुकून घट्ट होतं, रंगाच्या धंद्यात त्याचा उपयोग याचसाठी करतात. चामड्यात मुरून ते आतून कडक होतं, मग चामडं वाकताना तुटतं. एरंडेल सुकत नाही, जुने लोक वहाणांना आणि मोटेच्या चामड्याला तेच चोळायचे, आणि बरोबर करायचे. तरी बुटाला मेण आणि चरबीचं तयार मलम मिळतं ते बरं, डबिन म्हणून मागा. वर्षातून तीनदा, पातळ हात. जास्त लावलं तर चामडं सैल पडतं.

भिजला तर आत वर्तमानपत्राचे बोळे, दोन तासांनी बदलायचे, सावलीत वाळवायचा. नागपूरच्या उन्हात एकदा ठेवलात तर पापड होतो, मग कुठलंही तेल त्याला परत आणत नाही. काळी माती ओली असतानाच ओल्या फडक्याने पुसा. पावसाळ्यात पांढरी बुरशी धरली तर घाबरू नका, कोरड्या फडक्याने घराबाहेर पुसा, दिवसभर वाऱ्यावर ठेवा, मग मलम. प्लास्टिकच्या पिशवीत कधीही बांधून ठेवू नका.


अंबाझरीचा_शेजारी | ६ ऑक्टोबर, दुपारी १२:४५

२३ सप्टेंबर २०२३ला अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा आमच्या तळमजल्यात कमरेएवढं पाणी होतं. बुटांचं कपाट सगळ्यात खाली. वडिलांचे तीस वर्षं जुने शिवलेले लेदरचे जोडे गटाराच्या पाण्यात रात्रभर होते. धुतले, कागद भरले, आठ दिवस सावलीत ठेवले, मग मलम. रंग गेला, पण आकार परत आला आणि टाका एकही सुटला नाही. माझे तीन जोड चिकटवलेल्या तळव्याचे होते, तिन्ही उलगडले. वडील ते जोडे अजून घालतात.


संत्र्याची_बाग | ११ जानेवारी, रात्री ८:३०

सगळ्यांना कळवायचं होतं, तोडणीच्या गडबडीत उशीर झाला.

कामठीत फौजी सामान विकणाऱ्या दुकानातून स्वतःसाठी आठ इंची, वेल्टचे लेदर बूट घेतले. ५,८०० रुपये. नख टाक्याखाली घालून बघितलं, दुकानदार हसला नाही, उलट त्याने आतून दुसरा जोड काढून दिला. गेटर ६०० रुपये.

तोडणीच्या सहा जणांसाठी पोलादी पत्र्याचे सेफ्टी शूज आणि सालदार दादांसह सात गमबूट. सगळं मिळून १५ हजारांच्या आत बसलं. बायकांच्या मापाचे सेफ्टी शूज मात्र नागपुरात सहजी मिळाले नाहीत, चार दुकानं फिरलो. शेवटी एकाने पाच नंबरचे मागवून दिले. हा त्रास मला आधी माहीतच नव्हता. महिला मजुरांच्या पायाच्या मापाचे बूट ठेवावेत असं इतक्या दुकानांना वाटत नाही, याचं फार वाईट वाटलं.

पहिला आठवडा कुणी घातले नाहीत. जड वाटतात म्हणाले. मग एक दिवस एकीने वाळलेल्या फांदीवर पाय दिला, काटा तळव्यात मोडला आणि तिने तो सगळ्यांना दाखवला. दुसऱ्या दिवशी पाच जणांच्या पायात बूट होते. सहावी अजून झाडावर चढताना काढून ठेवते, फांदीवर पकड मिळत नाही म्हणते, आणि ते खरंच आहे.

माझा उजवा बूट करंगळीला लागतो. पंधरा दिवस घातला, सैल झाला नाही. काका, काही करता येईल का, की बदलून आणू?


जुना_कारागीर | १२ जानेवारी, सकाळी ७:४५

बदलू नका. करंगळीच्या जागी आतून स्पिरिट आणि पाणी निम्मेनिम्म घेऊन ओलं करा, जाड दोन मोजे घालून घरात तासभर चाला, आणि पायात असतानाच वाळू द्या. तीन दिवस करा. नाही जमलं तर रविवारी मनीषनगरला घेऊन या, माझ्याकडे जुना लाकडी ठोकळा आहे, रात्रभर ताणून ठेवू.

आणि झाडावर चढणाऱ्या ताईंच्या पायाचं मापही कागदावर रेखून आणा. मऊ तळव्याचं, घोट्यापर्यंतचं काही शिवता येतं का बघतो. हात अजून चालतात.